पहिला बाण चुकलाच पाहिजे: रॅगडॉल धनुष्यबाणाचे खेळ जिंकायचे कसे

गणपतीत बहिणीकडे गेलो होतो. आरती, प्रसाद, जेवणं सगळं उरकलं आणि आठवीतला भाचा फोन घेऊन शेजारी टेकला. “मामा, एक डाव?” डाव म्हणजे बोमास्टर्स. मी एकामागून एक सात डाव हरलो. माझा पहिला बाण ढगात, दुसरा माझ्याच पायापुढे, आणि तोवर त्याचा बाण माझ्या माणसाच्या कपाळात. तो माणूस मग असा काही कोलमडायचा की पाय डोक्यावरून, हात पाठीमागून, आणि शेवटी बसकण मारल्यासारखा मातीत. हरताना हसू येतं ही या खेळांची खरी खुबी, आणि त्या हसण्याच्या नादात बाण का चुकला हे कुणी बघत नाही ही खरी अडचण.

आठव्या डावापासून मी बघायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो.

खेळांची ओळख थोडक्यात. प्लेजेंडरीचा बोमास्टर्स २०१६ पासून फोनवर आहे. दोन माणसं समोरासमोर, एकाने मारायचं मग दुसऱ्याने, बोट मागे ओढून सोडायचं. त्याचा थोरला भाऊ म्हणजे फ्लॅशवरचा (ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवरचा) बोमॅन. कॉलेजात असताना सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरून दोघं एकाच माउसवर तो खेळायचो. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश चालणंच बंद झालं. रफलसारख्या एम्युलेटरमुळे, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, जुने बरेच खेळ ब्राउझरमध्ये पुन्हा चालतात ती गोष्ट वेगळी. तिसरा रॅगडॉल आर्चर्स. हा ब्राउझरमध्ये चालतो, काडीमाणसांचा आहे, आणि त्यात पाळीबिळी काही नाही, दोन्हीकडून एकाच वेळी बाण सुटतात.

अशा खेळांत दोन गोष्टी एकत्र नांदतात. त्या डोक्यात वेगळ्या केल्या की निम्मं काम झालं.

पहिली म्हणजे पडणं. रॅगडॉल म्हणजे चिंध्यांची बाहुली. जुन्या खेळांत मेलेला माणूस दरवेळी ठरलेल्याच पद्धतीने पडायचा, कारण ते पडणं आधीच चितारून ठेवलेलं असायचं. रॅगडॉलमध्ये काहीच चितारलेलं नसतं. डोकं, कोपर, गुडघा हे नुसते बिंदू, त्यांना जोडणाऱ्या काठ्या, आणि वरून गुरुत्वाकर्षण. २००० साली आलेल्या ‘हिटमॅन: कोडनेम ४७’ मधली प्रेतं अशी पडायची. ते कसं साधलं हे तो खेळ बनवणाऱ्यांपैकी थॉमस याकोबसेन यांनी २००१ मध्ये मांडलं, आणि युक्ती फार साधी आहे. प्रत्येक बिंदूने दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: आत्ता मी कुठे आहे आणि क्षणापूर्वी कुठे होतो. त्या फरकावरून पुढची जागा ठरते. मग काठ्यांची लांबी बिघडली असेल तर दोन्ही टोकं जरा ओढून-ढकलून पुन्हा बरोबर करायची, असं काही वेळा. बाण कोपराला केसभर वर लागला की पडण्याचा सगळा तमाशाच बदलतो. त्याचा अंदाज बांधायच्या फंदात पडू नका. तो भाग निव्वळ करमणुकीचा.

दुसरी गोष्ट बाणाची. तो अगदी सरळमार्गी असतो. पाळीपाळीच्या खेळात तोच कोन, तीच ताकद दिली की बाण त्याच जागी जातो, दहा वेळा सोडा. खऱ्या मैदानावर असं नसतं. तिथे हवा असते, दमलेला खांदा असतो, त्यामुळे खरा तिरंदाज एका बाणावरून साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, फिरवत नाही. चार-पाच बाण कुठे गोळा होतात ते बघतो. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, आणि ओजसने तर अंतिम लढतीत १५० पैकी १५० घेतले. तो वर्षानुवर्षं घोटलेला हात. आपल्याला तेवढं लागत नाही. खेळातला प्रत्येक बाण खरं बोलतो, त्यामुळे एका बाणावरून दुरुस्ती केली तरी चालते. म्हणूनच पहिला बाण लागो न लागो, तो कुठे पडला हे कळणं महत्त्वाचं. भाच्याला मी म्हणायचो, “चुकला रे!” खरं तर त्या चुकण्यातच सगळी माहिती होती आणि मी ती फेकून देत होतो.

आधी बोट

नेम चुकायचं सर्वात सामान्य कारण भौतिकशास्त्रात नाही, बोटात आहे.

फोन आडवा धरा आणि शक्यतो मांडीवर किंवा टेबलावर टेकवा. बोट ठेवलं तिथून मागे ओढायला लागलात की एका अंतरानंतर ताकद भरते, स्क्रीनवरचा ताकदीचा आकडा १०० वर अडतो. बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नका, बोट आणखी मागे न्या. बऱ्याच खेळांत ताकद वाढत नाही पण कोन मात्र बोटामागे फिरत राहतो, आणि जितकं लांब जाल तितका तो सावकाश फिरतो. हिशोब करून बघा: सुरुवातीच्या जागेपासून २ सेंटिमीटरवर बोट असताना ते १ मिलिमीटर थरथरलं तर कोन जवळजवळ ३ अंशांनी हलतो. तेच बोट ६ सेंटिमीटरवर असेल तर १ अंशही हलत नाही. म्हणून सुरुवात स्क्रीनच्या मधूनच करा, नाहीतर मागे जायला जागा उरत नाही.

दुसरी भानगड सोडताना होते. बोट उचलताना ते नकळत लोळतं आणि कोनाचा आकडा शेवटच्या क्षणी एक-दोन अंशांनी सरकतो. तुम्ही १५ वर नेम धरलेला असतो, सुटतो तो १७ वर, आणि तुम्ही समजता १५ चूक होता. मग सगळी पुढची दुरुस्तीच खोट्या आकड्यावर. उपाय असा की नजर माणसावर न ठेवता आकड्यावर ठेवायची, बोट सरळ वर उचलायचं, आणि *सुटलेला* आकडा लक्षात ठेवायचा, मनात धरलेला नाही. माउसवर हा त्रास कमी. तिथे क्लिक सोडताना मनगट टेबलाला टेकलेलं असलं म्हणजे झालं.

स्क्रीन कोरडी आणि पुसलेली हवी. मोदक खाल्लेल्या हाताने खेळू नका. आणि कॅरमची पावडर फोनवर भुरभुरवू नका. हे मी उगाच सांगत नाहीये. भाच्याने दुसऱ्या दिवशी तो प्रयोग केला, बोट छान घसरायला लागलं, आणि संध्याकाळी फोन चार्ज होईना. चार्जिंगच्या भोकातून पावडर काढायला बहिणीने अर्धा तास आणि एक मऊ ब्रश घालवला, आणि बोलणी मी खाल्ली.

मग पल्ला

डावाच्या सुरुवातीला समोरचा बहुधा स्क्रीनबाहेर असतो. किती लांब आहे माहीत नसतं. कोन आणि ताकद अशा दोन्ही गोष्टी एकदम बदलत बसलात तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. माझ्या सात पराभवांचं कारण हेच. एक चावी बंद करून टाका. ताकद पूर्ण १०० करा आणि तिला हात लावू नका. आता उरला फक्त कोन.

ताकदच का बंद करायची? कारण १०० हा आकडा न चुकता मिळतो, नुसतं ओढत राहिलं की झालं. ८३ वर बोट थांबवणं हे कौशल्य आहे. शिवाय पूर्ण ताकदीचा बाण कमी कोनात पोचतो, जवळजवळ आडवा जातो. उभ्या माणसाला आडवा बाण लागण्याची शक्यता वरून कोसळणाऱ्या बाणापेक्षा जास्त. ४५ अंशांनी उतरणाऱ्या बाणाला पल्ल्यात माणसाच्या उंचीएवढीच चूक परवडते. २० अंशांनी उतरणाऱ्याला त्याच्या पावणेतीनपट.

आता प्रत्यक्ष डाव बघू. समजा समोरचा साधारण २० माणसं एकापुढे एक झोपवली तर मावतील इतक्या अंतरावर आहे, आणि १५ अंशांना तो छातीत लागतो. तुम्हाला हे माहीत नाही. तुम्ही १२ वर सोडला. बाण त्याच्या पायांच्या थोडा अलीकडे मातीत रुतला. छान. आता एक अंश करून वाढवू नका, ते रडतखडत जाणं झालं. जाणूनबुजून पलीकडे जा: १६. बाण केसांवरून गेला. आता उत्तर १२ आणि १६ च्या मध्येच कुठेतरी आहे. मधला १४. मांडीत लागला. १५ ला छाती. तोफखान्यात पल्ला असाच शोधतात, एक गोळा अलीकडे, एक पलीकडे, मग मधोमध. चौथ्या बाणापर्यंत हमखास लागतो आणि सरावाने तिसऱ्यालाच लागतो.

या उदाहरणात एक गोष्ट दिसली असेल: दर अंशाला बाण साधारण एक-तृतीयांश माणूस वर-खाली होतो. प्रत्येक खेळात, प्रत्येक अंतरावर हा आकडा वेगळा असेल. पण डावात एकदा तो कळला की त्या डावापुरतं नशीब उजळलं. बाण गुडघ्यात लागला तर छातीसाठी किती अंश, हे बोटावर मोजता येतं.

पहिल्यांदा नेम छातीवर धरा. डोक्यावर धरला आणि जरा वर गेला तर बाण वाया. पल्ला पक्का झाला की नेम गळ्यावर: वर गेला तर डोकं, खाली आला तर छाती.

जमिनीत रुतलेले बाण तसेच राहत असतील तर त्यांच्याकडे मैलाच्या दगडांसारखं बघा. आणि मार बसल्यावर समोरचा मागे सरकून उभा राहिला का, तेही तपासा. सरकला असेल तर जुना आकडा थोडा शिळा झाला, अर्धा-एक अंश वाढवा. बोमास्टर्समध्ये माणूस बदलला की शस्त्रही बदलतं, कुणाचा बाण, कुणाची कुऱ्हाड, आणि काही शस्त्रं हवेत असताना स्क्रीनला बोट लावलं की वेगळाच पराक्रम करतात. त्यामुळे आकडे एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. पहिले पन्नास डाव एकच माणूस घ्या. नवीन माणसं उघडण्याचा मोह आवरा. मला तो आवरला नाही, हेही कबूल.

हेडशॉटची चिल्लर

वरच्या उदाहरणात १५ ला छाती आणि १६ ला डोक्यावरून पार. डोकं मधल्या फटीत. आकडा १५ आणि १६ च्या मध्ये थांबत नसेल तर?

इथे ती बंद केलेली दुसरी चावी उघडायची. कोन १६ च ठेवा, ताकद १०० ऐवजी ९९ करा. त्याच उदाहरणात ताकदीचा एक आकडा बाणाला माणसाच्या उंचीच्या जेमतेम एक-दशांश खाली आणतो. केसांवरून जाणारा बाण कपाळात. ९८ केलात तर हनुवटीच्या आसपास. म्हणजे कमी कोनात कोन हा नोटेसारखा आणि ताकद ही चिल्लर. मोठा व्यवहार नोटेने, उरलेले सुटे चिल्लरने.

मात्र ४५ अंशांजवळ हा न्याय उलटा होतो. समतल जमिनीवर सर्वाधिक पल्ला ४५ ला मिळतो हे शाळेत शिकलेलं असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ४० आणि ४५ यांच्या पल्ल्यात दीड टक्क्याचाच फरक आहे, तर १० आणि १५ यांच्यात जवळजवळ दीडपटीचा. ४५ जवळ कोन थोडा हलला तरी बिघडत नाही, पण ताकद एक टक्का चुकली की पल्ला दोन टक्क्यांनी चुकतो. समोरचा इतका लांब असेल की ४५ शिवाय बाण पोचतच नाही, तर कोन तिथेच ठेवून सगळी दुरुस्ती ताकदीने करा. हिशोब: बाण दहा टक्के आखूड पडला तर ताकद पाच टक्के वाढवा. पल्ला ताकदीच्या वर्गाने वाढतो, म्हणून निम्मं. (ताकदीचा आकडा म्हणजे बाणाचा वेग, असं धरून. बहुतेक खेळांत तसंच असतं. नसेल तर दोन बाणांत कळतं.)

उंच बाण

नव्या माणसाला उंच बाणाचं फार आकर्षण असतं. वर जातो, दिसेनासा होतो, मग सूं करत खाली येतो. दिसायला झकास, उपयोग कमी. पण मध्ये भिंत असेल, झाड असेल, तर पर्याय नाही. अशा वेळी नव्याने पल्ला शोधत बसू नका. समतल जमिनीवर एकाच ताकदीला दोन कोन एकाच जागी पोचतात आणि त्यांची बेरीज ९० असते. २५ ला लागत होता? ६५ ला लागेल. १५ ला? मग ७५.

समोरचा उंच ओट्यावर उभा असेल तर ही बेरीज ९० च्या पुढे जाते: तुमच्यापासून त्याच्यापर्यंत मान जितके अंश वर करावी लागते तितकी वाढ. १० अंश वर दिसतो तर बेरीज १००.

रॅगडॉल आर्चर्समध्ये हे कितपत चालतं

थोडंच. इथे पाळी नसते, त्यामुळे १२, १६, १४ असा निवांत शोध घ्यायला कुणी थांबत नाही. शिवाय मार बसला की तुमचा काडीमाणूस झोकांड्या खातो आणि धरलेला नेम विस्कटतो. तेच समोरच्याचंही होतं, आणि तोच डावपेच. पहिला बाण अचूक असण्यापेक्षा लवकर असणं जास्त मोलाचं. पायात लागला तरी चालेल, त्याचा नेम तर बिघडला. तो सावरतोय तोवर दुसरा बाण नीट ओढून डोक्यावर.

उंच बाण इथे विसरा. ६५ अंशांचा बाण २५ च्या दुपटीहून जास्त वेळ हवेत राहतो. तो खाली येईपर्यंत तुमच्या अंगात दोन बाण घुसलेले असतात.

या खेळात समोरच्याला मार लागला की कवट्या मिळतात, डोक्यात मारला तर जास्त, आणि त्या खर्चून नवे बाण घेता येतात, स्वतःचा माणूसही बळकट करता येतो. माझं मत: आधी माणूस बळकट करा. चमकणारे बाण मजेचे असतात, पण नेम बसण्याआधी घेतलेला भारी बाण म्हणजे स्कूटर शिकण्याआधी घेतलेलं हेल्मेटवरचं स्टिकर.

दोघांचा डाव

एकाच फोनवर दोघं खेळत असाल तर समोरचा बाण ओढताना स्क्रीनवरून डोळे काढू नका. लोक तेवढ्यात मोदक उचलतात. जमीन समतल असेल आणि शस्त्र सारखं असेल तर त्याच्यापासून तुम्ही जितके लांब, तितकाच तो तुमच्यापासून. त्याचा १४ तुमच्या मांडीत लागला, तर तुमचा १४ त्याच्या मांडीत लागेल. पल्ला शोधायचा खर्च त्याने केला, फळ तुम्ही खायचं. त्यामुळे अशा डावात मी आता पहिला चान्स समोरच्याला देतो, आणि वरून मोठेपणाही मिळतो: “घे, तू लहान आहेस, तू आधी मार.”

उलट बाजूने हा चोरटेपणा टाळायचा असेल तर पहिला बाण पूर्ण ताकदीने न मारता ८० वगैरे ताकदीने, उंच कोनात मारा. समोरच्याने तो आकडा उचलला तरी त्याला ८० वर बोट थांबवता यायला हवं ना.

एक व्यावहारिक सूचना पालकांसाठी. माणसं कार्टूनसारखी असली तरी या खेळांत रक्त उडतं, आणि शेवटचा घाव तर मुद्दाम रंगवून दाखवतात. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या हातात देण्याआधी स्वतः दोन डाव खेळून बघा. दर डावानंतर येणाऱ्या जाहिरातींनी वैताग येत असेल तर नेट बंद करून बघा. असे बरेच खेळ नेटशिवायही चालतात.

विसर्जनाच्या आदल्या रात्री भाच्याशी पुन्हा बसलो. पहिला चान्स त्याला दिला. त्याने १७ वर सोडला, माझ्या माणसाच्या डोक्यावरून गेला. मी १६ लावला, ताकद १००, बाण थेट गळ्यात. समोरचा गडी एक कोलांटी घेऊन दोन्ही पाय आकाशाकडे करून पडला. भाच्याने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“मामा, तू माझा आकडा बघितलास.”

पुढच्या डावापासून तो डावा तळवा स्क्रीनवर आडवा धरून बाण ओढतो.